लष्कराच्या भाकऱ्या आणि संजूभाऊ

रविवार, १४ डिसेंबर. यावल.

आज भरतात मी मुद्दाम दुप्पट मिरच्या कुटल्या. करायला नको होतं, पण वाईट काही वाटत नाही.

मळ्यात भरीत पार्टी असली की वांगी भाजणं, चटके खात सोलणं माझ्याच माथी. बोटं अजून काळी आहेत. चुलतभाऊ संजूभाऊ खाटेवर पडून मोबाईल बघतो. आज त्याच्या सोयरिकीसाठी धुळ्याहून मुलगी अन् तिचे आबा आलेले. म्हटलं, "भाऊ, चार वांगी सोल ना." तर सगळ्यांसमोर हसला. "याले लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे."

म्हणजे दुसऱ्याचं काम फुकट उपसायची हौस. अरे, पण लष्कर कोण? तूच ना? खाणाराच हसतो?

तेव्हाच मिरच्या घेतल्या.

अन् वाढताना हा आबांना सांगतो काय, "भरीत मीच केलं."

आबांनी घास घेतला. डोळ्यांतून धार. संजूभाऊ पांढरा पडला. सोयरीक मोडली असं मला वाटलं, खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं. पण आबा नाक पुसत म्हणाले, "झकास शे. साखरपुडाले बठ्ठासनं भरीत जवाईच करी." म्हणजे साखरपुड्याला सगळ्या पाहुण्यांचं भरीत संजूभाऊच करणार.

तेव्हापासून भाऊ माझ्या मागेमागे फिरतोय. "येशील ना रे सोलायला?" हो म्हटलंय. जाणार नाही. साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच्या बसनं मी मामाकडे भुसावळला.

भाजण्याआधी वांग्याला टोचे मारावे लागतात, नाहीतर विस्तवावर फुटतं, एवढंही त्याला माहीत नाही.

ही वही कोणाच्या हाती लागलीच तर पाया पडतो बाबा, टोच्यांचं त्याला सांगू नको.