हाडांची उजळणी

१० एप्रिल
आज बॅग घेऊन नंदनवनला सुमती मॅडमच्या घरी राहायला आले. आल्या आल्या कूलरसमोर उभी राहून घाम वाळवला. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं! नर्सिंगला प्रवेश घेतल्यापासून सकाळी वॉर्ड, दुपारपासून औषधाच्या दुकानात काम, आणि पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. पहिल्या चाचणीत शरीररचनेतच नापास झाले. आता दुकान सुटलं. इथे राहायचं, जेवायचं आणि दुपारपासून मॅडमचं करायचं. सकाळी मॅडमजवळ कामाच्या सुभद्राबाई असतात.

मॅडमना पक्षाघात झालाय. मानेखाली काहीच हलत नाही, पण बोलणं खणखणीत. मुलगा सुमंतदादा मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला, तो दिवे लागल्यावर येतो. मॅडमनी आयुष्यभर नर्सिंगच्या मुलींना शिकवलंय. माझी चाचणीची गोष्ट ऐकून हसल्या. म्हणाल्या, "अभ्यासाले वेळ नाही न तुले? मंग काम करता करताच अभ्यास करू."

आईला नरखेडला फोन केला. ती एवढंच म्हणाली की आता झोपत जा वं माय.

१३ एप्रिल
मॅडमची पद्धत फार छान आहे. सांधे आखडू नयेत म्हणून रोज दुपारी त्यांचे हातपाय वाकवायचे, सरळ करायचे. त्या विचारतात, मी हाडाचं नाव सांगते, आणि नाव बरोबर आलं की मगच तो सांधा हलवायचा. सुरुवात बोटांपासून. चुकलं तर पाय तसाच हातात धरून आठवत बसायचं. डावं पाऊल पूर्ण पाठ झालं. नाव एकदा हाताखालून गेलं की विसरत नाही.

बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रंही दिसत नाही. खिडक्या बंद, कूलरची घरघर, आणि आम्ही दोघी. काम आणि अभ्यास एकाच वेळी संपला, असं पहिल्यांदाच झालं.

१७ एप्रिल
तोंडी परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही! आमच्या ट्यूटरना विश्वास बसेना. घरी येऊन सांगितलं तर मॅडमनी चादरीकडे बघ म्हटलं. त्यांच्या डाव्या पायाची बोटं हलत होती. संध्याकाळी सुमंतदादा रडलाच. माझ्यासाठी संत्रा बर्फी घेऊन आला, म्हणाला तुझ्या हाताला गुण आहे.

मी मात्र फार दमलेय. वॉर्डात उभं राहून राहून डावं पाऊल बधिर झालंय. चप्पल पायातून निसटते ते कळतच नाही.

२२ एप्रिल
मॅडम डावा गुडघा वाकवू लागल्या.

माझा डावा पाय आज जिन्यात मोडल्यासारखा दुमडला. माझ्या वर्गातल्या श्वेतानं धरलं म्हणून वाचले. ओपीडीतल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं की अशक्तपणा आहे, ऊन टाळा, झोप घ्या. श्वेताही म्हणाली की ती परवा उभ्या उभ्या झोपली होती. सगळ्याच अशा. तक्रार कुणाकडे करायची?

चहा गाळताना पायावर सांडला. पाऊलभर फोड आला, तेव्हा कळलं. जळल्याचं काहीच जाणवलं नाही.

२६ एप्रिल
सुभद्राबाईंना विचारलं की माझ्याआधी इथे कोण होतं. त्या म्हणाल्या, मौद्याची भूमिका नावाची पोरगी होती, तीही नर्सिंगची. तेव्हा मॅडमना बोलता येत नव्हतं, मानही धरता येत नव्हती. भूमिकाने हाडांची नावं पाठ म्हणत जीभ, जबडा, मान, सगळा व्यायाम करून घेतला आणि मॅडम बोलायला लागल्या. मग ती पोरगी आजारी पडून घरी गेली.

नंबर घेऊन फोन लावला. तिच्या भावाने, पिंटूने उचलला. म्हणाला ती बोलत नाही, मान टाकलेली असते, डॉक्टरांना काही सापडत नाही. मी विनवलं म्हणून त्याने फोन तिच्या कानाला लावला.

नुसता श्वास. मी म्हटलं, मी दीप्ती, सुमती मॅडमकडे राहते. श्वास जोरात चालू लागला. मी म्हटलं, हाडांची नावं पाठ करते. त्यावर घशातून असा आवाज आला की—

पिंटूने फोन काढून घेतला. "काय सांगतलं तुमी तिले? काहून रडून राहिली ते?"

२७ एप्रिल
मॅडमना सांगितलं की आजपासून व्यायाम नाही. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "गुडघ्याच्या वाटीले काय म्हणते वं?"

मी ओठ घट्ट मिटले. पण मनात उत्तर आलंच. पटेला. चादरीखाली त्यांचा उजवा गुडघा उचलला गेला.

आणि माझा—

खाली बसले ती उठलेच नाही. पाठ झालेलं विसरायचं कसं? दोन्ही पाय पाठ आहेत मला. हातसुद्धा.

२८ एप्रिल
सुमंतदादा सकाळी मला दवाखान्यात न्यायला निघाला होता. मॅडमनी सांगितलं की ऊन लागलंय, पडून राहू दे, मी आहे न. इतक्या नर्सा घडवणाऱ्या आईचं तो कसं ऐकणार नाही? उलट आई भिंत धरून चालतेय, या आनंदात होता. सुभद्राबाईंनाही मॅडमनी सुट्टी दिली.

बाबांना फोन केला. उद्याच्या एसटीने निघतो म्हणाले. त्यानंतर मॅडमनी फोन उचलून कपाटावर ठेवला.

दुपारी त्यांनी डाव्या हातानं वरणभात भरवला. तोपर्यंत एकेक नाव मनात येऊन माझा डावा हात गेला होता. कूलर माझ्याकडे वळवला, कपाळावरचे केस मागे सारले. हे लिहू नये, पण खरं ते लिहिते— बरं वाटलं. उद्या उठायचं नाही. वॉर्ड नाही, बस नाही. इतकी झोप मला वर्षभरात—

नाही. झोपायचं नाही.

२९ एप्रिल
उजवा हात राहिलाय. त्यानेच लिहितेय. वही छातीवर, पेन सुटलं तर उचलता येणार नाही.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. मी पाया पडते म्हटलं, पडता येत नाही तरी म्हटलं. आई वाट बघतेय म्हटलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाल्या, "मले का वाईट नाही वाटत? पण जन्मभर दुसऱ्याले उभं केलं वं. आता पडून पडून मी बी थकली."

मग विचारू लागल्या. बोटांपासून—

करंगळी गेली. पेन धरायला तीन बोटं पुरतात.

फाटक वाजलं. बाबा! हाक मारतायत. दीप्ती, ए बाई. मी ओरडले. मॅडमनी कूलर वाढवला. दाराला कडी आहे का दिसत नाही—

अनामिका गेली.

पाढे म्हणतेय, मोठ्यानं. दुसरं काही मनात यायला नको. बे एके बे, बे दुणे चार— बाबा दार ठोकतायत. जोरात ठोका बाबा, जोरात— मधलं बोट—

मॅडम विचारतात अंगठ्यात हाडं किती. बे त्रिक सहा. मला माहीत नाही. बे चोक आठ. माहीत नाही, खरंच माहीत नाही, दो