एका विशेषणापायी अडलेले हॉल तिकीट

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, जि. भंडारा

अर्जदार : सौ. शोभा निमजे, राहणार शाळेच्या फाटकासमोर. धंदा : हातमागावर लुगडी विणणे व संध्याकाळी मुलींना इंग्रजी शिकविणे.

विषय : कु. खुशबू मेश्राम, वर्ग दहावा, हिचे हॉल तिकीट एका विशेषणापायी अडवून ठेवल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज, जो आपल्या टेबलावर चहाच्या कपाखाली पाहण्यात आला.
२) शाळेच्या फाटकावरील फलक, ज्याच्याजवळ उभे राहून आपण फोटो काढला.

महोदय,

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर अर्जदार बसली असता आपले शिपाई कवडूभाऊ तिच्या कानाशीच पुटपुटले, "आली पाहा पुन्हा. हे बाई साहेबाले रिटायर करूनच घरी जाईन." अर्जदाराचा तसा इरादा नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, एवढेच. तरी हा अर्ज कपाखाली जाण्यापूर्वी वाचावा.

१) अर्जदार इंग्रजी कोणत्याही शाळेत शिकलेली नाही. लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून, मागावर बसल्या बसल्या शिकली. चुकतेही. गेल्या वर्षी मुलींना मॉडिफायर, म्हणजे दुसऱ्या शब्दाला रंगरूप देणारे शब्द, हा धडा होता. अर्जदाराने तो आपल्या धंद्यातून सांगितला. नाम म्हणजे लुगडे, मॉडिफायर म्हणजे त्याचा काठ. ज्या लुगड्याचा काठ त्यालाच लागावा, शेजारणीच्या नाही. आणि काठ काढूनही लुगडे तेच दिसत असेल, तर तो काठ फुकटचा समजावा.

२) दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते. रात्री दंडारीच्या नाटकात जो बक्षीस देतो त्याचे नाव भोंग्यावर पुकारण्याची रीत आहे. दानशूर, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ ही तीन विशेषणे सर्वांना सरसकट लागतात, मग माणूस कसाही असो. गेल्या मंडईत कमिटीला वाटले, औंदा इंग्रजीत होऊन जाऊ द्या. माईक खुशबूच्या हाती आला आणि तिने एकही काठ फुकटचा लावला नाही. परसराम दूधवाले यांच्या दुधाला तिने "ओन्ली स्लाइटली वॉटरी" म्हटले, म्हणजे पाणी आहे, पण किंचितच. मधुकररावांना "रिसेंटली सोबर", म्हणजे अलीकडेच शुद्धीत आलेले. परसरामभाऊ दोनदा उठून वाकले. शेवटी "आवर रेअरली सीन इंग्लिश टीचर", म्हणजे आमचे क्वचितच दिसणारे इंग्रजीचे शिक्षक, म्हणून इश्वर सरांचे नाव आले. कोणाला काही कळले नाही. गावाने टाळ्या वाजविल्या. इश्वर सर तेवढे खाली पाहत होते.

३) हे वाक्य मुख्याध्यापकांच्या कानाला फार गोड लागले. त्यांनी मोहाडीच्या बाजाराला जाऊन इश्वर सरांच्या फोटोखाली ते छापून आणले व फाटकावर टांगले. सव्वीस जानेवारीला आपण स्वतः त्या फलकाला हार घातला आणि "शाळेने हाच दर्जा कायम ठेवावा" असे बोललात. त्या वेळी अर्जदाराने पदर तोंडात का धरला होता, हे कळत नसल्यास फोटोची उजवी बाजू पाहावी.

४) पुढे मुख्याध्यापकांचे जावई संजीवराव चिखल्याहून मुक्कामाला आले. खाणीच्या ऑफिसात असतात, इंग्रजी वाचतात. त्यांनी फाटकात उभे राहून फलकाचा अर्थ मराठीत सांगितला आणि पोट धरून हसले. जावयाला रागावता येत नाही, म्हणून खुशबूला रागावण्यात आले. फलक आता मुख्याध्यापकांच्या भाताच्या तणसाच्या गंजीखाली आहे, अक्षरे खाली करून. हॉल तिकीट मात्र त्यांच्या खणात आहे. "रेग्युलरली सीन", म्हणजे नेहमी दिसणारे, असा माफीनामा लिहून दिल्याशिवाय ते मिळणार नाही.

५) खुशबूची आई विमलाबाई तिला म्हणाली, "लिहून दे न बाई एक खोटं. पेपर तर देशीन." पोरगी रात्रभर कागद घेऊन बसली आणि सकाळी अर्जदाराकडे आली. म्हणे, "लावून पाहिलं जी, ताई. त्या लुगड्याले हा काठ बसतच नाही." आता यावर शिकविणाऱ्या बाईने काय बोलावे, हे आपणच सांगावे.

६) इश्वर सर वाईट गृहस्थ नाहीत. गणिताच्या तासाला ढ पोरगाही त्यांच्या फळ्यापुढून हलत नाही. इंग्रजीचा तास लागला की ते शाळेमागच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर जाऊन पाण्याकडे पाहत बसतात. का बसतात, हे गावाला ठाऊक आहे, मुख्याध्यापकांना ठाऊक आहे, आपल्या कार्यालयालाही असावे. कोणी बोलत नाही, म्हणून अर्जदारही लिहीत नाही.

७) सबब विनंती की, खुशबूचे तिकीट तिला त्वरित देवविण्यात यावे. माफीनामा लागतच असेल तर अर्जदार लिहून देईल. दानशूर, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, तिन्ही घ्यावीत. तिच्याजवळ ती पडूनच आहेत. पोरीकडून मात्र घेऊ नयेत.

आपली, कोणतेही विशेषण न लावता,
शोभा निमजे
दिनांक : २२ फेब्रुवारी २०१९

सोबत : हार घालतानाच्या फोटोची प्रत. (फलक जोडता आला नाही. त्यावर तणीस आहे.)

ता. क. : अर्ज पाकिटात घातला आणि शाळेतून बोलावणे आले. मुख्याध्यापकांनी तिकीट टेबलावर ठेवले होते, बाजूला कोरा कागद. विमलाबाई पोरीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. खुशबूच्या हातात पेन होते, पण ते चालत नव्हते. तास इंग्रजीचा होता. तेवढ्यात इश्वर सर बोडीवरून आले, चपला चिखलाने भरलेल्या, आणि दारातूनच बोलले. ते जसेच्या तसे खाली लिहीत आहे :

"पोरीले काहून छळता, सर? मी गणिताचा माणूस. तुम्ही टाइमटेबलात माह्या नावापुढं इंग्रजी लिहिलं, म्हणून का मी इंग्रजीचा झालो? इंग्रजीचा मास्तर या शाळेत हायेच नाही, तर तो दिसन कुठून?"