चौथ्या पिस्टनची रिंग

उस्ताद, तुमच्या त्या जुन्या मोटारीबद्दल एकदा बोलायचं होतं. तुम्ही होतात तोवर धीर झाला नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कुणी रागवायलाही उरलं नाही, तेव्हा लिहून टाकतो.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष होतं. हैदराबादेत तुमच्या मोठ्या बहिणीनं अंथरूण धरलं होतं. तुम्हाला आईच्या जागी असलेल्या त्या बाईनं निरोप धाडला होता, एकदा तोंड दाखव, आणि जमलं तर इकडंच राहा. त्या दिवसांत रेल्वेचा भरवसा नव्हता, म्हणून जालन्यात, मस्तगडच्या तुमच्या अंगणात भंगारातून आणलेल्या मोटारीचं इंजन आपण उघडलं. पिस्टनच्या रिंगा पार झिजल्या होत्या, गाडी तेल प्यायची आणि मागं निळा धूर सोडायची. नव्या बारा रिंगा तेलकट कागदात गुंडाळून आल्या. जुन्या रॉकेलमध्ये धुवायला तुमच्या घरातून चाचींनी आपली कणकेची परात दिली आणि मला दम भरला, "बराबर घासून दे रे, न्हाई तर तुझे उस्ताद रॉकेलच्या रोट्या खातील!" तुम्ही किती हसलात. मी चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, पण वडील गेल्यापासून माझं घर म्हणजे तुमचंच अंगण होतं.

"शुक्रवारची नमाज झाली की निघायचं," तुम्ही म्हणालात.

"मंग परत कधी यायचं, उस्ताद?"

"बघू. तू हाय की दुकानाला."

ते 'बघू' माझ्या जिव्हारी लागलं.

गुरुवारची दुपार आहे. तुम्ही मशिदीत गेला आहात, चाची आत सामान बांधताहेत. अकरा रिंगा चढल्या आहेत, चौथ्या पिस्टनची शेवटची तेवढी हातात आहे. ती मी बंडीच्या खिशात घालतो. जुन्यांतली एक उचलतो, पुसतो, मोडतो आणि दोन तुकडे गोणपाटावर ठेवतो. तुम्ही आल्यावर सांगतो, "चढवताना तुटली."

तुम्ही तुकडा उचललात आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवलात. तुम्हीच मला शिकवलं होतं, नवी रिंग अंगठ्याला खरखरीत लागते, झिजलेली काचेसारखी गुळगुळीत. "डोळा फसतो बेटा, अंगठा न्हाई." मी तुमच्या अंगठ्याकडेच बघत होतो. तो थांबला.

"बिडाची चीज, तुटतेच," तुम्ही म्हणालात. "दुसरी मागवू."

त्या जागी जुनीच एखादी चढवली असती तरी धूर सोडत का होईना गाडी हैदराबादेला पोचली असती. हे मला ठाऊक होतं आणि तुम्हाला तर होतंच. तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत, मीही नाही.

दुसरी रिंग आली नाही. बहीण गेल्याची खबर तेवढी आली. तुम्ही अंगणात खाली बसलात. चाची कपाळावर हात मारून म्हणाल्या, "एका रिंगेपायी मरत्या माणसाचं तोंड बघायचं राहिलं!" मी तिथंच उभा होतो. पुढं तुम्ही जालन्यातच राहिलात, माझ्या लेकरांना मांडीवर खेळवलंत आणि दुकान माझ्या हाती सोपवलंत. मोटार अंगणात तशीच राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं आणि तेच मला सुखानं खाऊ देत नाही.

कधी वाटतं, तुम्हालाही जायचं नव्हतं, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. कधी वाटतं, ही पळवाट मीच काढली आहे. खरं काय ते तुम्हालाच माहीत.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? रिंग अजून माझ्याकडं आहे, तिला गंज चढू दिला नाही. तिच्याच कागदात याची घडी ठेवून देतो. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात हाती घेतलात आणि माझ्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिलात. तुम्ही काहीतरी विचारणार होतात, असं मला वाटलं. मी हात सोडवून घेतला आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो. तुम्ही पाणी मागितलं नव्हतं.