मुसाफिरबंगल्यातील बैठकीची सैल फळी

प्रति,
मेहेरबान दुय्यम तालुकदार साहेब बहादूर,
मुक्काम दौरा, जिल्हा बीड.

अर्जदार : उत्तरेश्वर वल्द सटवा, चौकीदार, सरकारी मुसाफिरबंगला, नारायणगडाची वाट.

विषय : बंगल्यातील शौचाच्या साहेबी खुर्चीची फळी सैल झालेबाबत, व ती हाताने धरून बसण्याच्या कामातून अर्जदाराची सुटका होणेबाबत.

संदर्भ : हुजुरांचा माघातील मुक्काम, व त्या सकाळी हुजुरांनी बसल्या जागेवरून दिलेला तोंडी हुकूम.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नसल्याने त्याची हकीकत बाजारच्या दिवशी कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस राधाकिशन लिहीत आहे. मजकूर वाचताना हुजुरांस काही ठिकाणी संकोच वाटेल. लिहिणाऱ्यासही वाटला. परंतु "समदं लिवा, काई गाळू नका," असे अर्जदाराने बजावल्यामुळे नाइलाज आहे.

१. सदर खुर्ची म्हणजे एक लाकडी पेटी असून तिच्यावर भोकाची फळी आहे. आत भांडे असते, आणि ते मागच्या भिंतीतील लहान खिडकीतून सफाईवाली साखराबाई काढून नेते. पूर्वी ही पेटी सुटी होती व कोणी भारदस्त अंमलदार बसले की सरकत असे. म्हणून आधीच्या चौकीदाराने गवंडी लावून ती चारी बाजूंनी दगडचुन्यात गच्च बसवून घेतली. पेटी हलायची थांबली आणि त्या चौकीदाराची मोठी वाहवा झाली. फळी ज्या पेचांवर बसली आहे त्यांना खालून आवळणाऱ्या लोखंडी चाक्या पेटीच्या आत, पार कोपऱ्यात आहेत, आणि आता त्यांच्याकडे जायला त्या खिडकीशिवाय वाट उरली नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

२. कालांतराने चाक्या ढिल्या झाल्या. वरून पेच आवळू गेले की खाली चाकीही त्याच्याबरोबर गरगर फिरते. एकाने खालून चाकी धरावी आणि दुसऱ्याने वरून पेच आवळावा, एवढेच काय ते काम. त्यासाठी बंकट सुतारास बोलावले. तो वरच्या कामास तयार झाला, पण खिडकीत हात घालणार नाही म्हणाला. मग अर्जदाराने हात घातला. त्याचा दंड जाड असल्याने खिडकीत अडकतो. बोटे चाकीला टेकतात, पण तिला धरून ठेवता येत नाही. साखराबाईचा हात बारीक आणि त्या जागेला सरावलेला. तिने हात घालताच चाकी पकडली. तेवढ्यात बंकटने पेचकस मागे घेतला. म्हणाला, "लोखंड एकच हाय. खालून तिनं धरलं की वर माझ्या हाताला इटाळ आलाच की! उद्या देवळाची कवाडं कोण करून घेईल माझ्याकडून?" त्यावर साखराबाई म्हणाली, "मंग पेचकस मला द्या, वरचं बी मीच आवळते." हे ऐकून बंकटने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली व घर गाठले. पेचकस त्याने अर्जदारासही दिला नाही, कारण खिडकीत गेलेल्या त्या हातातून तो पुढे परत घ्यावा लागला असता.

३. वडवणीच्या बाजारात पेचकस विकत मिळत नाही. सरकारी पेचकस मागविला, तर तो कारागिराखेरीज कोणाच्या हाती देता येणार नाही असे उत्तर आले. आणि कारागीर तर घरी जाऊन बसला होता. दुरुस्तीची विनंती बांधकाम खात्याकडे केली, तेव्हा खुर्ची हे सामान असल्याने सामानाच्या कारकुनास लिहावे असे कळले. कारकुनाने कळविले की चुन्यात बसविलेली वस्तू सामान राहत नाही, ती इमारत होते. अशा रीतीने हे घोंगडे भिजत पडले.

४. माघात हुजुरांचा मुक्काम झाला. सकाळी हुजूर आत गेले, फळी एकीकडे घसरली, आणि हुजुरांनी मारलेली हाक अंगणात ऐकू आली. आत जाण्याची अर्जदाराची काय बिशाद! तो मागे धावला आणि खिडकीतून हात घालून त्याने फळी खालून तोलून धरली. हुजुरांचे समाधान झाले व "दुरुस्ती होईपर्यंत हाच बंदोबस्त ठेवावा," असा हुकूम झाला. हुजुरांनी तो खूष होऊन दिला, हे अर्जदार जाणतो. परंतु तेव्हापासून जो अंमलदार उतरतो तो हाच बंदोबस्त मागतो, आणि अर्जदार भिंतीला गाल लावून, श्वास कोंडून, आतून आज्ञा होईपर्यंत फळी धरून बसतो. गहू राखायला, लाकडे फोडायला त्याने कधी ना म्हटले नाही. ह्या कामाची मात्र त्याला मनापासून लाज वाटते.

५. दौऱ्यावरील एका शिपायाने ही गोष्ट बाजारात चघळली. एका पालावरून दुसऱ्या पालावर जाता जाता तिच्यातली फळी गळून पडली आणि नुसता अर्जदाराचा हात राहिला. तो हात हुजुरांच्या कोणत्या सेवेत होता याबद्दल आता लोक जे बोलतात, ते लिहिण्यास अर्जनवीसाने साफ नकार दिला आहे. अर्जदाराची बायको दगडाबाई त्याने शेंदलेले पाणी ओतून देते. भावकीत पंगतीला बोलावणे नाही. अर्जदाराने हे सारे साखराबाईपाशी बोलून दाखविले, तर ती म्हणाली, "दादा, माझा हात तर रोज तिथंच असतो. माझ्यासाठी कुणी अर्ज काऊन करत न्हाई?" तिचे हे बोलणेही गाळू नये, असे अर्जदाराने बजावले.

६. खरी अडचण पुढेच आहे. अर्जदाराची एकुलती मुलगी छबू हिची सोयरीक लिंबागणेशच्या सुंदररावांच्या मुलाशी ठरली असून लग्न येत्या वैशाखात आहे. सुंदररावांनी निरोप धाडला, "पोरगी लई गुणाची हाय, तिला आमी न्हाई म्हणत न्हाई. पण बापाचा हात कुठं गेलता ते समद्या बाजाराला ठावं हाय. कन्यादान चुलत्यानं करावं. बापानं मांडवात येऊ नये." मांडव अर्जदाराच्याच दारात पडणार आहे. अर्जदार फळी धरून घरी आला की छबू त्याच्या हातावर पाणी घालते, आणि हात स्वच्छ झाला तरी घालतच राहते.

७. आता कॅम्पाच्या कारकुनाने आगाऊ कळविले आहे की हुजुरांचा पुढील मुक्काम ऐन लग्नतिथीस याच बंगल्यात आहे, तरी खिडकीपाशी माणूस तयार ठेवावा.

करिता विनंती, की दुरुस्ती व्हायची तेव्हा होवो, तिच्याबद्दल अर्जदार आता हट्ट धरीत नाही. हुजुरांनी आपल्या सही-शिक्क्याने फक्त एक दाखला द्यावा, की अर्जदाराने धरली ती फळीच धरली, दुसरे काही नाही. आत एकटे हुजूर होते आणि अर्जदार भिंतीमागे होता, तेव्हा दुसरा साक्षीदार कोठून आणावा? हा दाखला तो सुंदररावांच्या दारी स्वतः घेऊन जाईल आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून कोणाकडून तरी वाचून घेईल.

दाखला मिळाल्यास लग्नाच्या दिवसापुरती रजाही मंजूर व्हावी. न मिळाल्यास रजेची जरुरी नाही. अर्जदार नेहमीप्रमाणे खिडकीपाशी हजर राहील.

सोबत : या अर्जाचा उर्दू तर्जुमा.

हुजुरांच्या मेहेरबानीकडे डोळे लावून असलेला,
उत्तरेश्वर वल्द सटवा, चौकीदार
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

दस्तुर : राधाकिशन, अर्जनवीस
चैत्र वद्य नवमी, सन १३२५ फसली