मनगटावर पाहिलेलं तेल

रेवदंडा,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नूतन हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा डावा कान कामाचा नाही आणि उजव्या गालाला हल्ली वारासुद्धा सोसवत नाही, तिथे फोन कुठे धरणार? म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. वाडीतली सुपारी उतरवून अंगणात वाळत घातली आहे. गेल्या आठवड्यात नारळ सोलताना कोयता तळहातात शिरला. शेजारच्या कल्पिताने रक्त दाखवलं तेव्हा मला कळलं.

तुझ्या डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं. नसांमध्ये म्हणे दुखण्याची वर्दी जाऊ देणारं एक दार असतं. माझं जन्मापासून बंद, तुझं लागतच नाही. एकाच आईच्या पोटी या दोन तऱ्हा. नव्या गोळीने ते दार लागतं, पण ती अजून चाचणीत आहे, आणि माझं रक्त तुझ्या रक्ताशी ताडून पाहिल्याशिवाय तुला त्यात घेणार नाहीत. दोन नळ्या रक्त, पंधरा तारखेपर्यंत. 'ताई, तुला तर टोचलेलंही कळायचं नाही,' असं तू खाली लिहिलंस. विनोद बरा होता.

लहानपणी सगळे तुला नाटकी म्हणायचे. काटा रुतला तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस, आणि आई हातातलं टाकून तुला कुशीत घ्यायची. मी शूर. शूर पोरीला कोण जवळ घेतं? तिच्या हाती कळशी देतात.

आता कानाचं. तू सहा वर्षांची, मी अकराची. तुझा कान ठणकत होता. आईने लसूण घालून तेल तापवलं. कानात घालायचं तेल आधी मनगटावर बघायचं, ही आपल्या घरची रीत. तू हात लावू द्यायची नाहीस, म्हणून मनगट नेहमी माझं. आईने थेंब टाकला.

"काशे, बघ गो, कढत न्हाय ना?"

"न्हाय. कोमट हाय."

आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, त्या पोरीला काय कळतं, मीच माझा हात पुढे करायला हवा होता. जातानाही तिच्या तोंडी तुझाच कान होता. मी पायाशी बसून ऐकत होते.

मला चटका कळत नाही, नूतन, पण डोळे होते. थेंब पडला तिथली कातडी पांढरी होऊन वर आली, ती मी पाहिली. मग हात परकराखाली घेतला आणि म्हटलं, कोमट. तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून होतीस, आणि तिचा हात तुझ्या केसांवरून फिरत होता. मला तुझा फार राग यायचा. अजून येतो.

पस्तावले असं लिहावं म्हणून बसले होते, पण खोटं लिहवत नाही.

आईची कुशी तुझ्या वाट्याला गेली, हे न दुखणं माझ्या. आता तेही तुला गोळीत घालून हवंय.

काल सकाळी तुझा रितेश मावशीला रक्त द्यायला अलिबागला न्यायचं म्हणून रिक्षा घेऊन आला होता. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. चाचणीसाठी पुन्हा नावं कधी घेतील ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही म्हणे.

गालाला वारा लागू देऊ नकोस.

तुझी शूर ताई,
काशी