खांबाजवळचे टेबल

सिंगापूर,
बुधवार, १९ जून

आज सकाळी सहाला उठलो. पाऊस नव्हता. दोन सदरे धुऊन खिडकीबाहेर बांबूवर घातले. स्वी एंगच्या फोटोपुढची संत्री बदलली, उदबत्ती लावली. साडेदहाला खाली जाऊन जेवून आलो. आता दोन वाजले आहेत आणि तुमच्या पत्राचे उत्तर लिहायला बसलो आहे.

स्वी किमताईंना आदरपूर्वक नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मुआरला घाटावर पायऱ्या फार, तेव्हा मासळी आणायला साडूभाऊंनाच पाठवत जा. त्यांनी गोड खाणे सोडले असे तुम्ही लिहिता. (ते बिस्किटांचा डबा शिवणयंत्राच्या मागे ठेवतात, हे मला स्वी एंगने सांगितले होते. आता सांगायला हरकत नसावी.) हुई मिन दर शनिवारी फोन करते. तुमची लेक गुणी आहे.

तुम्ही पत्रात विचारले आहे की मी नीट जेवतो का. जेवतो. इतका जेवतो की पट्ट्याला एक भोक वाढवावे लागले. पण ते कसे झाले हे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात माझी एक लबाडी आहे.

येत्या ३० तारखेला, रविवारी, स्वी एंग गेल्याचा शंभरावा दिवस. त्या दिवशी तिच्या आवडीचा पदार्थ, ती जिथून घ्यायची तिथूनच आणून फोटोपुढे ठेवा, असे तुम्ही मला फोनवर बजावलेत आणि मी हो म्हणालो. खरे म्हणजे तो पदार्थ कोणता हे मला माहीत नव्हते. चौतीस वर्षे जिच्यासमोर बसून जेवलो ती काय खायची, हे तिच्याच बहिणीला कोणत्या तोंडाने विचारायचे? म्हणून शोधून काढायचे ठरवले.

आमची कामाची वाटणी तुम्हाला माहीत आहे. बाहेर जेवायला गेलो की रांगेत ती उभी राहायची आणि टेबल मी राखायचो. "तुम्ही बसा. उठलात तर जागा गेली," असे ती म्हणायची. मी पाणीखात्यात तीस वर्षे नकाशे काढले, पण मनापासून सांगायचे तर माझे खरे कसब टेबल राखण्याचे. एका खुर्चीवर टिश्यूचे पाकीट, दुसरीवर छत्री, मधे मी, वर्तमानपत्र अर्धे उघडून. (पूर्ण उघडले तर माणूस निवांत आहे असे वाटून लोक जवळ येतात.) चौतीस वर्षांत एकदाही जागा गेली नाही. ती आधी माझे ताट आणून ठेवायची आणि परत जायची. तिचे येईपर्यंत माझे जेवण संपलेले असायचे आणि मी बातम्या वाचत असायचो. तिच्या वाडग्याबद्दल मला एवढेच आठवते की त्याच्या वाफेने तिचा चष्मा धुरकट व्हायचा, आणि तो काढून ती माझ्या वर्तमानपत्रावर ठेवायची, नेमका मी वाचत असलेल्या ओळीवर.

दिवस-कार्य आटोपल्यावर पहिल्यांदा एकटा खालच्या फूड सेंटरमध्ये गेलो. खांबाजवळचे आमचे टेबल धरले, पाकीट ठेवले, छत्री ठेवली आणि बसलो. एक तास दहा मिनिटे बसलो. टेबले पुसणाऱ्या बाईंनी तीनदा टेबल पुसले आणि शेवटी विचारले, "काका, जेवायला आलात की पहाऱ्याला?" तेव्हा लक्षात आले की माझे ताट कोणी आणणार नाही.

दुसऱ्या दिवशी धीर करून रांगेत उभा राहिलो. कुठल्या रांगेत, तर सर्वांत लांब रांगेत, कारण लांब रांग दिसली की आधी उभे राहावे आणि मग कशाची ते विचारावे, ही आपल्या बेटाची रीत. मी विचारलेही नाही. पाऊण तासाने खिडकीशी पोचलो आणि म्हणालो, "एक, तिखट कमी." आतला माणूस म्हणाला, "आकडा सांगा." ती लॉटरीची रांग होती. मागे तीस माणसे खोळंबलेली, म्हणून आमच्या इमारतीचा क्रमांक सांगितला आणि उपाशीपोटी तिकीट घेऊन घरी आलो. (लागले नाही.)

त्यानंतर दोन महिने मी त्या फूड सेंटरकडे फिरकलो नाही. लॉटरी हे निमित्त. तिथले लोक 'मॅडम कुठे?' असे विचारतील याची मला भीती वाटत होती. म्हणून चष्मा धुरकट करणाऱ्या पदार्थासाठी मी सगळे शहर पालथे घातले. बस नेईल तिथे जायचे, अनोळखी ठिकाणी बसायचे, समोर आलेल्या वाडग्यावर वाकून बघायचे. सेरंगून रोडला केळीच्या पानावर जेवलो. चष्म्याला काही झाले नाही, पण जेवण झाल्यावर पान दुमडायचे असते हे ठाऊक नसल्यामुळे वाढपी भात वाढतच राहिला आणि नको म्हणायला मला संकोच वाटला. बस स्टॉपवर बराच वेळ उभाच राहिलो, बसणे शक्य नव्हते. जू चियाटला एका व्हिएतनामी दुकानात चष्मा इतका धुरकट झाला की मला भरून आले. मग कळले की ते गाईचे मांस. स्वी एंग क्वान यिन देवीची भक्त, गाईच्या मांसाला शिवायची नाही. हुई मिनने एका नव्या कॅफेत नेले. ती ऑफिसचा फोन घ्यायला बाहेर गेली आणि मी टेबल राखत बसलो. टेबलावर एक काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला होता. मी ती सजावट समजलो. हुई मिन आत येऊन म्हणाली, "काका, तो फोनने टिपायचा असतो, म्हणजे खायला येतं. तुम्ही त्याच्यावर छत्री ठेवलीत." कॉफी आली ती थंड, बर्फ घातलेली. चष्म्याच्या दृष्टीने कुचकामी.

असे करता करता जून उजाडला. वाडगा सापडेना. मग गेल्या गुरुवारी मन घट्ट करून पुन्हा खालीच गेलो. पहिल्या ठेल्यावर कमारिया बाईंचे मलय भाताचे ताट असते, बोट दाखवून भाजी मागायची. मी एकाच भाजीकडे बोट दाखवले. त्या म्हणाल्या, "एवढंच? उपास आहे का?" मग नीट बघून म्हणाल्या, "तुम्ही खांबाजवळचे ना? बसलेले ते?" मी हो म्हणालो. त्यांनी डाव ठेवला, आणि न मागता माशाचा तुकडा आणि अंडे वाढले. मग म्हणाल्या, "पलीकडे पेजवाल्या गुएक हियांगकडे जाऊन या. ती रोज तुमची वाट बघते." (मॅडम कुठे, असे कोणीच विचारले नाही; त्या गेल्याचे सगळ्यांना ठाऊक होते.)

ताई, ती माशाची पेज होती. आले दुप्पट, वर तळलेली पोळी चुरडून. गुएक हियांग बाईंनी मी काही बोलायच्या आत वाडगा पुढे केला आणि माझा चष्मा धुरकट झाला. तो पुसायला मला जरा वेळ लागला. तेवढ्यात त्या बोलत होत्या, आणि जे बोलल्या ते तुम्हाला कळवणे भाग आहे.

त्या म्हणाल्या की स्वी एंग अर्धी पेज तिथेच, ठेल्यापाशी उभ्याने, गप्पा मारत खायची आणि उरलेली टेबलावर आणायची. मी म्हणालो, "टेबल जाऊ नये म्हणून मी बसायचो." त्या हसल्या. म्हणाल्या, "साडेदहाला? साडेदहाला कोण येतं इथे? बघा जरा." मी वळून बघितले. निम्म्याहून जास्त टेबले रिकामी होती. "मी पण तिला म्हणायचे, कशाला बसवतेस बिचाऱ्याला? तर म्हणायची, अगं, त्यांना बोलायला आवडत नाही आणि मला गप्प राहायला. तिथे बसले की त्यांना वाटतं आपण मोठं काम करतोय. आणि खरंच छान बसतात गं."

मला आधी थोडे लागले. मग घरी येऊन फोटोसमोर विचार केला, तेव्हा वाटले की एवढ्या वर्षांत मला नको असलेली गोष्ट तिने एकदाही करायला लावली नाही, आणि वर अभिमान वाटेल असे काम दिले. किती जणांच्या वाट्याला हे येते?

गुएक हियांग बाई रविवारी दुकान बंद ठेवतात. ३० तारखेला घरी पेज करून साडेदहाला घेऊन येईन असे त्यांनी आपणहून सांगितले आहे. तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत असा. साडूभाऊंना नमस्कार.

आपला,
सिआ कॉक लिओंग

ता. क. : पेजेचे तुम्हाला आधीपासून माहीत असेल तर तसे कळवू नका.

ता. क. २ : हे पत्र खरे ज्यासाठी लिहायला घेतले ते राहिलेच. मी आता रोज पेजेला जातो, आणि गुएक हियांग बाई रोज माझ्याशी बोलतात. उत्तराची वाट बघत त्या डाव वाडग्यावर धरून थांबतात. हवामान आणि पाण्याचे नळ हे माझे दोन्ही विषय संपले. स्वी एंग तुमच्याशी तासन्‌तास फोनवर बोलायची. ती काय बोलायची, ते कृपा करून लिहून पाठवा. आठ-दहा विषय पुरेत. जमल्यास तीस तारखेपूर्वी.

ता. क. ३ : गुरुवार सकाळ. पाकीट बंद करायचे राहिले होते. साडेदहाला खाली गेलो. माणसे मोजली, सात होती. तरी खांबाजवळच्या टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवले, छत्री ठेवली आणि पेजेच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.