वीस पडद्यांवर ताई

४ मार्च, मंगळवार
घाण करून ठेवली मी आज!

ऑफिसातल्या वीस कॉम्प्युटरना स्वतःची डिस्क नाही. सकाळी बटण दाबलं की सगळे सर्व्हरवरची एकच इमेज उचलतात आणि चालू होतात. इमेज म्हणजे एका तयार मशीनची जशीच्या तशी नक्कल. काल ती नवी करायची होती. कोऱ्या मशीनवर सगळं पहिल्यापासून बसवायचा आला कंटाळा. हिशेब खात्यातलं ताईचं मशीन डिस्कवालं, सगळं कसं जागच्या जागी. ती घरी गेल्यावर घेतली त्याची नक्कल, तिच्या फाइली तेवढ्या काढल्या, दिली चढवून. तिने मशीनवर भेटीगाठींच्या आठवणी, रिमाइंडर, लावून ठेवल्या असतील हे डोक्यातच आलं नाही.

आज अकराला वीसच्या वीस पडद्यांवर चौकट — 'चार वाजता भेट. धाकट्याला कळू द्यायचं नाही.'

धाकटा म्हणजे मी. ताई ऑफिसातही तशीच हाक मारते, सगळ्यांना ठाऊक. काहींनी मशीन बंद करून चालू केलं. इमेजमध्येच बसलेली ती, पुन्हा हजर.

ताई चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची — मग काय, विचारायलाच नको. रिसेप्शनवालीने तर मोठ्याने विचारलं, "ताई, दिसायला कसे आहेत हो?" मीही हसलो. हो, हसलो.

चार वाजता ताई खुर्चीतच होती. मान खाली, हिशेब चालू. गेलीच नाही.

५ मार्च, बुधवार
ताई बोलते. "भाजी वाढू?" "पंखा कमी कर." इतकंच.

बायको म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका. माणूस चांगला असेल तर थांबेल." मग हळूच, "सुटतील बिचाऱ्या." आणि माझ्या मनात काय आलं — ताई झोपते तो हॉल मोकळा होईल! आईबाबा गेल्यावर जिने मला शिकवलं, याच ऑफिसात चिकटवलं, तिच्याबद्दल हे. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

६ मार्च, गुरुवार
नवी इमेज केली, कोऱ्या मशीनवरून. साहेब करवादले, "एवढ्याशा चौकटीसाठी सगळ्यांना बसवून ठेवलंस?" ठेवलं.

८ मार्च, शनिवार
जेवणाच्या सुट्टीत धीर केला. म्हटलं, "ताई, चुकलं माझं. नंबर दे. मी स्वतः फोन करतो त्यांना, हवं तर पाया पडतो."

"कुणाच्या रे?"

"ज्यांना भेटणार होतीस त्यांच्या."

तिने डबा बंद केला, पुसला, पुन्हा पुसला. "घरी सांगेन. इथे नको." घरी आलो तर बायकोची आई आलेली. राहिलंच.

९ मार्च, रविवार
कुणी माणूस नव्हताच. घरमालकीण होती. ताई खोली बघायला जाणार होती, एकटीसाठी. "तुमचं दोघांचं काही चुकत नाही रे," म्हणाली, "पण हॉलमध्ये मला लावून घ्यायला दार नाही." मंगळवारी ती गेली नाही, बाईंनी खोली दुसऱ्यांना दिली.

हे मी हॉलमध्येच बसून लिहितोय. ताई अंथरूण घालून केव्हाची बसली आहे. मी उठलो की ती दिवा मालवणार.